रोझेलची मावशी : आनंदीबाई जोशी आणि सातासमुद्रापलीकडचे एक घर

१/
गेल्या महिन्यात टाकवे बुद्रुकच्या आमच्या घरी रात्री उशिरापर्यंत एकच विषय चालला होता. माझ्या मामेबहिणीची विद्यार्थी-विनिमय योजनेतून युरोपातील एका शाळेसाठी निवड झाली आहे. राहायचे तिथल्याच एका कुटुंबात. व्हिसा, विमा, लोकरीचे कपडे, डब्यात भरून न्यायचा इंद्रायणी तांदूळ, सगळ्याची यादी झाली. शेवटी मामी म्हणाली, "शाळेचं काही नाही गं. ज्यांच्या घरात राहायचं, ती माणसं हिला आपली म्हणतील का?"

२/
मामीच्या या प्रश्नाला इतिहास आहे. १८८३ साली अठरा वर्षांची एक मराठी मुलगी पतीला मागे ठेवून अमेरिकेला गेली आणि ज्यांना कधी पाहिले नव्हते अशा माणसांच्या घरी उतरली. आनंदीबाई जोशी यांची पदवी आपल्याला ठाऊक असते, पण त्या घराचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. आजचा धागा त्या घराविषयी आहे.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. शिक्षणासाठी परक्या घरी जेवणे महाराष्ट्राला नवे नव्हते. पुण्यात शिकायला आलेली गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. कित्येक नामवंतांचे शिक्षण अशा सात घरांच्या अन्नावर झाले. एखाद्या घरचा वार चुकला, की त्या दिवशी पाण्यावर भागवायचे.

४/
मात्र या व्यवस्थेला दोन कुंपणे होती. पहिले जातीचे. आमच्या आंदर मावळातील कुणब्याच्या मुलाला सदाशिव पेठेत वार मिळणे अशक्यच होते. ती उणीव पुढे वसतिगृहांनी भरून काढली. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहे निघाली. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे बोर्डिंग काढले.

५/
दुसरे कुंपण मुलगी असण्याचे. मुलीने शिकण्यासाठी परक्या घरी राहावे, ही कल्पनाच त्या काळी कोणाच्या मनात येत नव्हती. मुलीला परके घर एकच ठाऊक, सासरचे. म्हणून आनंदीबाईंचा प्रवास केवळ समुद्र ओलांडण्यापुरता नव्हता. विवाहित स्त्री सासर नव्हे, माहेर नव्हे, अशा तिसऱ्याच घरात राहायला निघाली होती आणि त्या घराला काय म्हणायचे, यासाठी भाषेत शब्दही नव्हता.

६/
या घराची गोष्ट एका पत्रापासून सुरू होते. आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीला शिकवण्याचा त्यांचा ध्यास विलक्षण होता. अमेरिकेत तिच्या शिक्षणाची आणि आपल्या नोकरीची सोय होईल का, असे त्यांनी रॉयल वाइल्डर यांना विचारले. वाइल्डर कोल्हापुरात अनेक वर्षे मिशनरी होते आणि पुढे प्रिन्स्टनहून एक मिशनरी नियतकालिक चालवीत. दोघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, म्हणजे साहाय्य करता येईल, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. जोशी दांपत्याने तो मान्य केला नाही.

७/
वाइल्डरांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी पत्र वाचले, घरी गेल्या आणि हजारो मैलांवरच्या त्या अनोळखी मुलीला लिहायला बसल्या. त्या पंडिता नव्हत्या, कुठल्या संस्थेच्या प्रतिनिधी नव्हत्या. एका घराची कर्ती बाई, एवढीच त्यांची ओळख होती.

८/
पुढची जवळजवळ तीन वर्षे पत्रे चालू राहिली. एका पत्राला उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. बालविवाह, पडदा, धर्म, स्वयंपाक, प्रकृती, सगळे विषय त्यांत येत. आनंदीबाईंना सतत डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनच ताप आणि धाप असे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. त्यांचा गुण आला नाही, पण कोणीतरी आपल्या दुखण्याची चौकशी करते आहे, याचे मोल वेगळे होते. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या.

९/
हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत लिहिताना 'मिसेस कार्पेंटर' म्हणणे सोपे होते. पण मराठी मनाला नात्याचे नाव लागते. 'माय मरो आणि मावशी जगो' ही म्हण आपण उगाच जपलेली नाही. मावशी म्हणजे जिच्यावर हक्क सांगता येतो आणि जिला तुमच्या सासरच्या मानपानाचे देणेघेणे नसते, अशी बाई. घर पाहण्याआधीच आनंदीबाईंनी त्या घरात आपली जागा ठरवून टाकली होती.

१०/
जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात बोलल्या. कलकत्त्याजवळच्या या गावी तेव्हा गोपाळरावांची नेमणूक होती. हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज, एकटीने जाण्याचे कारण, जातिबहिष्काराची भीती, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे वचन पुढे त्यांच्या पानात काय वाढले जाते, इथवर जाऊन पोचणार होते.

११/
७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या. त्यांच्या संगतीतला हा प्रवास सुखाचा झाला नाही. शाकाहाराची आबाळ झाली आणि धर्मांतराचा विषय पुनःपुन्हा निघाला. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल खुला होऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. धक्क्यावर त्यांना घ्यायला कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या.

१२/
रोझेल हे लहानसे गाव, पण त्याच वर्षी त्याचे नाव गाजले होते. १९ जानेवारी १८८३ रोजी एडिसनने तिथे खांबांवरून तारा नेऊन गावभर विजेचे दिवे लावण्याचा प्रयोग सुरू केला. तेलाच्या समईत वाढलेली मुलगी विजेने उजळलेल्या गावात पोचली. आपल्या देशात त्या वेळी बहुतेक शहरांनीही वीज पाहिली नव्हती.

१३/
याच अमेरिकेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. वर्षभरापूर्वी, मे १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा तेथे झाला होता. वेगळ्या वर्णाच्या, वेगळ्या पेहरावाच्या माणसाकडे संशयाने पाहण्याचे ते दिवस होते. नऊवारी नेसून, कपाळी कुंकू लावून आलेल्या मुलीला घरात घेणे ही कार्पेंटर कुटुंबासाठी साधी गोष्ट नव्हती. शेजारपाजारच्या नजरांना ते घरही सामोरे जात होते.

१४/
आता घरातले दिवस. आनंदीबाई शाकाहारी राहिल्या आणि आपले जेवण आपण रांधू लागल्या. म्हणजे दुसऱ्या एका बाईच्या स्वयंपाकघरात स्वतःची चूल मांडणे आले. एकाच ओट्यावर दोन बायकांचे जमणे किती अवघड, हे घरोघरच्या सासू-सुना सांगतील. इथे तर एकीच्या पातेल्यात मांस शिजणार आणि दुसरीला त्याचा वासही नवा. तरी हे जमले, कारण कार्पेंटरबाईंनी त्याकडे हट्ट म्हणून पाहिले नाही.

१५/
देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. आनंदीबाईंनी रोझेलच्या बायकामुलींना आपल्या पद्धतीचे जेवण दिले. स्वयंपाक स्वतः केला, पाहुण्यांना साड्या नेसवल्या, हातांत काचेच्या बांगड्या चढवल्या आणि जमिनीवर पंगत मांडली. काट्याचमच्याविना हाताने जेवताना त्या बायकांची झालेली तारांबळ सहज डोळ्यांपुढे येते. त्या दिवशी घर कार्पेंटरांचे असले, तरी यजमानीण आनंदीबाई होत्या.

१६/
तुलनेसाठी त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई १८८३ मध्येच इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्याच सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि तिथल्या काहींना त्यात जातीचा ताठा दिसला. रमाबाई स्वतंत्र बुद्धीच्या होत्या. चर्चच्या मतांविषयी त्यांनी मठातील भगिनींशी निर्भीड वाद घातला. आश्रय मिळाला, पण आश्रय देणाऱ्यांची अपेक्षाही सोबत आली.

१७/
संस्था आणि घर यांतला हा फरक आहे. संस्थेला आपल्या दानाचे फळ दिसावे लागते. घरालाही अपेक्षा असतात, पण चांगल्या घरात त्या बोलून बदलता येतात. कार्पेंटर कुटुंब श्रद्धाळू ख्रिस्ती असूनही त्यांनी आनंदीबाईंच्या राहण्याला धर्मांतराची अट जोडली नाही. वाइल्डरांच्या उत्तरात जी अट होती, तीच नेमकी या घराने गाळली.

१८/
पेहरावाचा प्रश्नही असाच सुटला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. थंडीत त्याचा त्रास होई आणि तिथल्या लोकांच्या नजरेलाही ते खटके. आनंदीबाईंनी पाश्चात्त्य झगा न घेता गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रांत तीच नेसण दिसते. हा बदल त्यांना पत्रातून गोपाळरावांना समजावून सांगावा लागला. पती दूर होते, पण त्यांची मान्यता अजून हवी होती.

१९/
इथे या धाग्याचा गाभा येतो. गोपाळरावांनी पत्नीला शिकवले हे खरे. शिकवताना मारले, हेही खरे. दहा वर्षांच्या मुलीला लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तके फेकणे, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी देणे, हे सारे आनंदीबाईंनीच अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. त्याच चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. तुमचे वागणे चांगले की वाईट हे ठरवणे कठीण, दोन्ही म्हणावे लागेल, असा त्या पत्राचा सूर आहे.

२०/
हे पत्र कल्याणला किंवा सेरामपूरला लिहिले गेले असते का? मला तसे वाटत नाही. त्यासाठी हजारो मैलांचे अंतर लागले आणि अंतराइतकेच दुसरे काही लागले. मोठ्या आवाजाने दचकावे लागत नाही, असे घर त्यांनी पाहिले होते. तुलना करायला दुसरे घर मिळाले, की पहिल्या घरातल्या गोष्टींना नाव देता येते. वैद्यकाच्या पुस्तकांत हे ज्ञान नव्हते. ते रोझेलच्या बैठकीच्या खोलीत मिळाले असावे, असे माझे वाचन आहे.

२१/
ऑक्टोबर १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. प्रवेशासाठीच्या पत्रात त्यांनी लिहिले होते, की आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात आणि त्यांच्यासाठीच हे शिक्षण हवे आहे. डीन रेचल बॉडली यांची माया त्यांना लाभली. तरी रोजचे घर सुटले. रोझेल शंभराहून अधिक किलोमीटरवर राहिले, सुट्टीपुरते.

२२/
या काळात शरीर खचत गेले. कडाक्याची थंडी, अपरिचित आहार, अभ्यासाचा ताण. पुढे क्षयाने त्यांना गाठले. शाकाहार सांभाळत एकटीने रांधायचे, त्यात इंधन, वेळ आणि शक्ती तिन्ही कमी. यजमानघर माणसाला काय देते हे बहुधा ते नसताना कळते : वेळेवर गरम अन्न, आणि चेहरा उतरलेला पाहून "काय होतंय?" असे विचारणारे कोणी.

२३/
आणखी एक ओझे होते. परदेशी गेलेला पाहुणा आपोआप देशाचा वकील बनतो. लोक आनंदीबाईंना हिंदुस्थानाविषयी विचारत, व्याख्यानांना बोलावत. ज्या रूढींचे चटके स्वतः सोसले, त्या बालविवाहाचीही बाजू त्यांनी परक्यांपुढे घेतली. पतीला लिहिताना एक, सभेत बोलताना दुसरे. याला ढोंग म्हणणे सोपे आहे. परक्या मुलखात आपल्या घराची लाज झाकणारी मुलगी ज्याने पाहिली आहे, तो तसे म्हणणार नाही.

२४/
११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई आवर्जून आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-कक्षाची जबाबदारी देऊ केली. वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण ती जागा त्यांना कधीच सांभाळता आली नाही.

२५/
उपचारांसाठी त्यांना पुण्यात आणले. मुंबईहून पुण्याला येणारी गाडी तेव्हाही बोरघाट चढून, लोणावळा ओलांडून, आमच्या मावळातूनच जाई. कान्हे स्टेशनवर लोकलची वाट पाहताना मला हे पुष्कळदा आठवते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. डॉक्टर म्हणून एकाही मराठी स्त्रीची नाडी पाहण्याआधी त्या गेल्या.

२६/
गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या. तेथील शिळेवर त्यांचे नाव, पदवी आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी ओळख कोरलेली आहे. शिळेने जात सांगितली, पण तिची जागा सांगते की ती आमच्या घरातली. पाहुणीला कोणी आपल्या कुळाच्या जागेत विसावा देत नाही.

२७/
पुढे अशा घरांची रीतसर व्यवस्था झाली. १९३२ साली अमेरिकेच्या डोनाल्ड वॉट यांनी तरुणांना परदेशी कुटुंबांत ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. युद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या अमेरिकन फील्ड सर्व्हिस या संघटनेने १९४७ पासून शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण हाती घेतली. माझी मामेबहीण ज्या वाटेने निघाली आहे, ती या प्रयोगांतून रुळली. अर्ज, मुलाखती, नियम, संपर्क क्रमांक, सगळे आता आहे. कार्पेंटरबाईंकडे यातले काहीच नव्हते.

२८/
आनंदीबाईंचे पहिले चरित्र १८८८ साली कॅरोलिन डॉल यांनी अमेरिकेत लिहिले. मराठीत पाठोपाठ काशीबाई कानिटकरांचे चरित्र आले. पुढे श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीने ही कथा घरोघरी नेली. शीर्षकात दोन नावे आहेत आणि आपल्या स्मरणातही तीच दोन राहिली. कथा मात्र तिघांची होती. तिसरी व्यक्ती रोझेलच्या स्वयंपाकघरात उभी होती.

२९/
मामीच्या प्रश्नाचे उत्तर इतिहास छातीठोकपणे देऊ शकत नाही. पण कोणते घर परक्या मुलीला आपले होते, याच्या खुणा तो दाखवतो. त्या घरात तिच्या ताटाला जागा असते. तिथे राहण्यासाठी तिला दुसरे कोणी व्हावे लागत नाही. आणि तिथून ती आपल्या माणसांना खरे लिहू शकते. बहिणीला मी एवढेच सांगितले, की पहिल्या आठवड्यात एकदा तरी त्यांच्या ओट्यावर आपला भात लाव. तो कसा जमतो यावरून बरेच कळेल.

३०/
धागा इथे संपवते. तुमच्या घरी शिकायला राहिलेले कोणी, किंवा तुमच्या आजोबा-पणजोबांना वार देणारे एखादे घर असेल, तर त्याची हकीकत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. कोण किती शिकले याच्या नोंदी दप्तरांत सापडतात. त्यांना कोणी जेवू घातले, हे कुठल्याच दप्तरात नसते. आमच्याकडे ते मामीच सांगू शकते, म्हणून या रविवारी वही घेऊन तिच्यापाशी बसणार आहे.